इटलीचा प्रवास : राजमार्ग आणि आडवाट



या व्याख्यानमालेने आम्हांला यापूर्वी दोनदा बोलावले होते. एकदा बोनसवर बोललो, एकदा कंत्राटी कामगारांवर. यंदा चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "इटलीला जाऊन आलात, त्यावरच बोला." आम्ही चपापलो. प्रवासवर्णन करणारे लोक शिकलेसवरलेले असतात. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. परंतु चिटणीस ऐकेनात, म्हणून उभे आहोत. आणखी एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो तो मोठेपणासाठी नव्हे. कामगारांच्या सभेत ज्याच्या तोंडी सारखा 'मी' येतो त्याला लोक फार दिवस टिकू देत नाहीत. शिवाय या प्रवासात आम्ही खरोखरच दोघे होतो.

प्रवासाचा पैसा आमचा नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्त होताना हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून त्यांनी एक रक्कम बाजूला काढली आणि सांगितले, "यातून आपण इटली पाहायची." बारा रात्रींचा हिशेब बसत होता. ऑक्टोबर २०२४ चे दिवस ठरले. आता प्रश्न उरला एकच, आणि तोच आजचा विषय आहे. जायचे कोठे?

सौ. ची यादी तीन नावांची होती : रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. आमची यादी ऐकून प्रवासाची व्यवस्था करणारा मुलगासुद्धा गोंधळला. आम्हांला जायचे होते पुलिया प्रांतातल्या चेरिन्योला या गावी, आणि उंब्रियातल्या मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या खेड्यात. दोन रात्री घरात जेवणे झाली ती मुक्याने. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, सहल इटलीची असो की कोकणची, हा वाद होत असेल. म्हणून दोन्ही पक्ष प्रामाणिकपणे मांडतो.

आमचा पक्ष असा होता. ज्या गावी सारे जग जाते ते गाव राहणाऱ्यांचे उरत नाही, पाहणाऱ्यांचे होते. व्हेनिसचेच घ्या. १९५१ च्या सुमारास त्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती संख्या ५० हजारांच्या खाली गेली. घरांची पथिकगृहे झाली. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या पुष्कळांना आता खाडीपलीकडून यावे लागते. २०२४ मध्ये तर ठराविक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. शहराला तिकीट लागले! तेव्हा अशा ठिकाणी गर्दीत भर घालण्यापेक्षा, जेथे माणसे अजून आपल्या कामाधामात आहेत तेथे जावे. आम्ही हे सभेत बोलावे तसे हात उंचावून बोललो.

सौ. नी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अहो, मोर्चाला गर्दी जमली की तुम्हांला आनंद होतो. मग दुसऱ्यांच्या गर्दीचा एवढा राग का? तीस वर्षे मी मुलांना पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून कलोसियम शिकवले. न पाहता शिकवले. एकदा ते डोळ्यांनी पाहावे यात काय चुकले?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रसिद्ध स्थळांना नावे ठेवणे सोपे असते. पण ज्याने जन्मभर नुसते नावच ऐकले, त्याच्या दृष्टीने ते स्थळ शिळे झालेले नसते.

शेवटी वाटाघाटी झाल्या. रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स चार, उंब्रिया दोन, पुलिया तीन. व्हेनिसवर सौ. नी पाणी सोडले. हा करार आम्हांला आमचा विजय वाटला. तो किती पोकळ होता ते फ्लॉरेन्समध्ये कळले.

फ्लॉरेन्सविषयी आमच्या मनात अढी होती. मेदिची घराणे म्हणजे मूळचे पेढीवाले. सावकारांनी बांधलेल्या शहरात आमच्यासारख्याने काय पाहायचे, असे म्हणत आम्ही जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात उभे होतो. चहूकडे हात उंच करून छायाचित्रे काढणारे लोक. तेव्हा आठवले की हाच तो चौक आणि हेच ते भवन. १३७८ च्या जुलैत लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी ते ताब्यात घेतले होते. इतिहासात त्यांना 'चोंपी' म्हणतात. शहराची सारी श्रीमंती लोकरीच्या धंद्यावर उभी होती, पण लोकर धुणाऱ्या-पिंजणाऱ्याला स्वतःचा संघ काढण्याची मुभा नव्हती. त्यांची मागणी तीच होती : आम्हांला आमचा संघ हवा. मिकेले दि लांदो नावाचा एक पिंजारी काही आठवडे नगराचा प्रमुख झाला. चोंपींना संघ मिळाला आणि त्याच वर्षी तो मोडलाही गेला. बंधूंनो, ही हकीगत आम्ही युनियनच्या कपाटातल्या पुस्तकात वाचली होती. परंतु शहराच्या नावावर फुली मारताना ती आम्हांला आठवली नाही. फुली मारण्याच्या घाईत माणूस स्वतःचे वाचलेलेही विसरतो.

दुसऱ्या दिवशी सौ. आम्हांला 'इनोचेंती' या जुन्या अनाथालयात घेऊन गेल्या. रेशीमवाल्यांच्या संघाने ते बांधविले. ब्रुनेलेस्की या थोर वास्तुकाराने १४१९ मध्ये काम सुरू केले आणि १४४५ मध्ये पहिले मूल आत घेतले गेले. तेथील संग्रहालयात लहान लहान खण आहेत. एकेक खण आपण ओढायचा. आत एखादे अर्धे तोडलेले पदक, एखादा मणी, एखादी फीत, आणि मुलाचे नाव. आई मुलाला सोडून जाताना ही खूण ठेवून जाई. पदकाचा दुसरा अर्धा भाग ती स्वतःजवळ ठेवी. पुढेमागे दिवस पालटले तर मूल ओळखून परत नेता यावे, एवढ्यासाठी. सौ. एकेक खण उघडीत होत्या आणि मिटवीत होत्या. त्यांच्या वर्गातून गरिबीपायी मध्येच नाहीशी झालेली मुले त्यांना आठवत असावीत. आम्ही काही बोललो नाही. बाहेर मुख्य देवळाभोवती रांगा लागल्या होत्या. येथे, दहा मिनिटांच्या अंतरावर, आम्ही धरून सात माणसे होती. आडवाट शोधायला दर वेळी दूरच्या प्रांतात जावे लागत नाही, हे त्या दिवशी मान्य केले.

तेथून उंब्रियात गेलो. पेरुजाहून भाड्याच्या मोटारीने मोंतोनेला. हे खेडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यावर आहे. रोममध्ये पुलावरून जी संथ, गढूळ नदी पाहिली होती तीच येथे डोंगरांमधून येते. या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे पडले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा जवान. त्यांच्या तुकडीतले बाकी सारे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या तोफेवर धावून गेले, ती बंद पाडली, आणि मग दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांचे स्मारक उभे राहिले, त्यावर सूर्यघड्याळ आहे. साम्राज्याच्या लढाईत आपली मुले का मेली, हा प्रश्न आमच्या मनात होता, आजही आहे. पण त्या दगडासमोर आम्ही मराठीत त्यांचे नाव मोठ्याने उच्चारले. एवढ्याचसाठी आलो होतो.

आता चेरिन्योला. येथे आमची फजिती झाली ती सांगतो. गावाच्या नावाचे स्टेशन आहे म्हणून उतरलो. स्टेशन शेतात आणि गाव सात किलोमीटर दूर! त्यातून रविवार. इटलीच्या ग्रामीण भागात रविवारी बस मिळणे दुरापास्त असते. पुष्कळ वेळ सामान घेऊन उन्हात उभे. सौ. एवढेच म्हणाल्या, "राजमार्गावर निदान रिक्षा तरी मिळते." अखेर एका वृद्ध शेतकऱ्याने मोटार थांबविली. भाषा कोणालाच कोणाची येईना. आम्ही फक्त 'दि व्हित्तोरियो' म्हणालो. म्हाताऱ्याने वळून आमच्याकडे पाहिले आणि सामान स्वतः उचलून गाडीत ठेवले.

ज्युझेप्पे दि व्हित्तोरियो १८९२ मध्ये या गावी शेतमजुराच्या घरी जन्मले. बाप लवकर गेला, शाळा सुटली, पोर शेतावर राबू लागले. पुढचे शिक्षण त्यांनी स्वतःच स्वतःला दिले. फॅसिस्टांच्या काळात तुरुंग आणि परदेशवास भोगून ते इटलीतल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे सरचिटणीस झाले, आणि १९५७ मध्ये मरेपर्यंत त्या जागी राहिले. कारखान्याच्या दारातही नागरिकाचे हक्क चालू राहिले पाहिजेत, हा आग्रह त्यांनी १९५२ मध्ये धरला. त्याचा कायदा १९७० मध्ये झाला. शाळा सुटलेल्या माणसाला अशा गावी का जावेसे वाटते, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

त्या गावात आणखी एक गोष्ट पाहिली. एका मोठ्या मोकळ्या मैदानात शेकडो दगडी खुंट उभे आहेत, त्यांवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे आणि आकडे. प्रत्येक खुंटाजवळ जमिनीत धान्याचे पेव! सौ. चटकन म्हणाल्या, "ही तर आमच्या आजोळची पेवे." पूर्वी पहाटे चौकात मजूर उभे राहत आणि मुकादम बोट दाखवून निवडून नेत, आपल्याकडच्या नाक्यासारखे. धान्य त्यांनी पिकवले, खुंटावरची अक्षरे मात्र दुसऱ्याची.

आडवाट म्हणजे सारे साधे आणि सुखाचे, असाही गैरसमज नको. याच फोज्जा जिल्ह्यात ऑगस्ट २०१८ मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन अपघातांत टोमॅटोच्या शेतांवरून परतणारे सोळा परदेशी शेतमजूर मेले. मुकादमीविरुद्धचा कायदा २०१६ मध्येच कडक केलेला होता. आणि जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस लातिना भागात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. दवाखान्यात नेण्याऐवजी त्याला घरापाशी टाकून दिले आणि तो मेला. निसर्गसुंदर, शांत खेडी असे जेथे लिहिलेले असते तेथेही टोमॅटो कोण तोडतो, हे विचारावे लागते.

आता आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर चार अनुभवाच्या गोष्टी. बारा दिवसांत चारापेक्षा अधिक मुक्काम करू नका. सहा गावे पाहणारा बहुधा सहा स्टेशने पाहतो. मोठ्या शहरात मोठे स्थळ सकाळी पहिल्या वेळेस उरकावे, तिकीट आधी काढावे, आणि दुपारी ज्या दारापाशी रांग नाही त्या दारात शिरावे. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे, नाहीतर दंड होतो. आडगावी रविवारी जाऊ नये, हे आमच्या खर्चाने शिकून घ्या. आणि आडगावी जायचेच तर काहीतरी धागा हाती असावा : एखाद्या माणसाचे नाव, एखाद्या धंद्याची माहिती, आपल्या गावाशी असलेले एखादे नाते. नुसते 'तेथे कोणी जात नाही' म्हणून जाणे हीदेखील एक प्रकारची फुशारकीच. त्या फुशारकीत आम्ही होतो, हे सौ. समोर बसल्या असल्यामुळे कबूल करणे भाग आहे.

परतल्यावर सौ. नी शाळेत जाऊन मुलांना कलोसियमबद्दल पुन्हा सांगितले. त्या अर्ध्या पदकांबद्दलही सांगितले. मुलांनी कशाबद्दल जास्त विचारले, ते त्या सभा संपल्यावर आपणांस सांगतील. आमच्या डोक्यावर व्हेनिसचे देणे अजून बाकी आहे. करार मोडणारा मालक आम्ही पुष्कळ पाहिला आहे. त्याच्या पंक्तीला बसण्याची आमची इच्छा नाही. तेव्हा पैसे साठविणे चालू आहे, आणि या खेपेस यादी त्या करणार आहेत.