मोजलेले वजन आणि न मोजलेले ओझे

(राजूर, ता. अकोले येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला एका मुलीबद्दल बोलायचे आहे. तिचे नाव हर्षदा गरुड. पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळची. मावळ म्हणजे आपल्यासारखाच डोंगराचा आणि भाताचा मुलूख. २ मे २०२२ रोजी ग्रीसमध्ये ज्युनिअर गटाच्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो वजनगटात तिने सुवर्णपदक मिळवले. स्नॅच, म्हणजे जमिनीवरून थेट डोक्यावर, ७० किलो. क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर, ८३ किलो. एकूण १५३. दुसऱ्या आलेल्या तुर्कस्तानच्या मुलीचे १५०. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. मुलगे धरूनसुद्धा पहिली.

तुमच्यातली एखादी म्हणेल, "त्यात काय बाई, आम्ही रोजच उचलतो." खरे आहे. बायकांच्या स्पर्धेतला नुसता बार, एकही चकती न लावलेला, १५ किलोचा असतो. पंधरा लिटरचा भरलेला हंडा त्याहून जड. उन्हाळ्यात वरच्या वाड्यांतल्या बाया एकावर एक दोन भांडी घेऊन चढ चढतात. शिवाय सरपणाची मोळी आहे, आवणीच्या दिवसांत रोपांचे भारे आहेत.

मग आपल्या घराघरांत हर्षदा का नाही? कारण रोजच्या ओझ्याने बाई मजबूत होत नाही, झिजते. वेटलिफ्टिंग करणारी मुलगी वजन थोडे थोडे वाढवते. पाठ कशी ठेवायची, श्वास कधी घ्यायचा हे शिकते. पोटभर खाते आणि शरीर भरून यावे म्हणून विश्रांती घेते. झेपले नाही तर बार खाली टाकते. नियमानेच तिला प्रत्येक प्रकारात तीन संधी असतात. हंडा खाली टाकायची मुभा आपल्यापैकी कोणाला आहे? बाळंतपणाला महिना होत नाही तोच बाई पाण्याला जाते. अंग बाहेर येते, कंबर जाते, आणि ती कोणाला सांगतही नाही. तपासणी शिबिरात हळूच, शेवटी सांगते.

मणिपूरची मीराबाई चानू लहानपणी डोंगरातून मोळ्या आणायची, म्हणून ती मोठी खेळाडू झाली, असे कौतुकाने सांगतात. मला ते पटत नाही. तिच्याबरोबर मोळ्या आणणाऱ्या कितीतरी मुली असतील, त्या कुठे आहेत? मीराबाईला इंफाळमध्ये शिकायला मिळाले. गावाहून तिथे पोचायला वाळूच्या ट्रकवाल्यांनी तिला नेले. हर्षदाचे वडील शरद गरुड स्वतः वेटलिफ्टिंग केलेले. त्यांनी मुलीला बिहारीलाल दुबे यांच्याकडे शिकायला पाठवले, तेही गावातच. ताकद पुष्कळ मुलींत असते. जागा, शिकवणारे माणूस, अन्न आणि वेळ मोजक्याच मुलींना मिळतो.

दार उघडायलाही किती काळ गेला पाहा. पुरुषांचे वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये होते. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली झाली आणि ऑलिंपिकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला २००० साली. म्हणजे १०४ वर्षांनी. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ब्राँझपदक आणले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. संधी मिळण्याचाच काय तो अवकाश होता.

पण एका पदकाने आयुष्य मार्गी लागत नाही. हर्षदा ज्या ४५ किलो गटात जिंकली तो गट ऑलिंपिकमध्ये नव्हताच. २०२५ च्या जूनपासून जागतिक संघटनेने गट बदलले. तेव्हा मोठ्यांच्या स्पर्धेत बायकांचा सर्वांत हलका गट ४८ किलोचा झाला. पुढे जायचे तर अंगावर वजन चढवायचे, जास्त वजनाच्या मुलींशी लढायचे. त्याला वर्षे लागतात, खुराक लागतो, पैसा लागतो. आणि नेमक्या त्याच वयात आपल्याकडे मुलीला पाहायला पाहुणे येतात.

आणखी एक गोष्ट. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाईने १९९ किलो उचलले. एका किलोने पदक हुकले, ती चौथी आली. त्यानंतर तिने उघडपणे सांगितले की तो पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा जाणवत होता. तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही, जे होते ते सांगितले. आपल्या मुली मैदानावर पाळीबद्दल कोणाशी बोलणार? शिकवणारी बाईच नसेल तर "पोट दुखतंय" म्हणून घरी बसतात आणि एक दिवस यायच्याच बंद होतात.

आपल्या आश्रमशाळांत मुली आहेत. तिथे मैदानाचा ठरलेला वेळ मुलींना मिळावा, शिकवायला बाई असावी, ही मागणी आपण राजूरच्या प्रकल्प कार्यालयात लेखी देऊ. पण त्याआधी घरात बघू. पाण्याची खेप भावाने का आणू नये? अंडे त्याच्याच ताटात का?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक काम करून यावे. घरातल्या मुलीने आणि सुनेने एका दिवसात काय काय उचलले, किती खेपा केल्या, ते किलोत लिहून आणावे. काटा नसेल तर दुकानातून मागून घ्या. कागद भरला की आपण तो ग्रामसभेत वाचू. बायांचे म्हणणे ऐकताना ज्यांना नेहमी घाई असते, त्यांनी निदान आकडे तरी ऐकावेत.