शिकण्याची खतावणी

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका वहीबद्दल. ही वही पैशाच्या हिशेबाची नाही आणि रोजनिशीही नाही. आपण नवे काय शिकलो, ते का शिकलो आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग झाला, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाने जिच्यात लिहून ठेवावयाचे, ती ही वही. तुम्ही म्हणाल, 'हे त्या दवाखान्यातल्या लोकांचं काम. आमचा काय संबंध?' संबंध आहे. उद्या तुमच्या घरातल्या कुणाचा हात लुळा पडला, तर तो हात पुन्हा कितपत चालेल हे काही अंशी या वहीवर अवलंबून राहील.

प्रथम 'व्यवसायोपचार' या शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीतल्या ऑक्युपेशनल थेरपीला आपण हे नाव दिले खरे. पण ते ऐकून कुणाला वाटते की, येथे नोकरीधंदा मिळवून देत असतील. तसे नाही. येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सर्व. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, मुलाला कडेवर घेणे, शेतात जाणे, हे सारे त्यात आले. आपल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याला लकवा मारला असे समजा. औषधोपचाराने त्याचा जीव वाचतो. पण घरी आल्यावर खरे प्रश्न उभे राहतात. भाकरीचा घास मोडता येईल काय? धोतराची गाठ बांधता येईल काय? बैलांचा कासरा हातात धरता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे रुग्णाबरोबर बसून, त्याच्याकडून ती ती कामे करवून घेत शोधावयाची, हे व्यवसायोपचाराचे काम होय.

आपल्या देशात हे शास्त्र आणण्याचे मोठे श्रेय कमला निंबकर या बाईंना आहे. मूळच्या त्या अमेरिकेतल्या, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी विवाह करून त्या येथल्याच झाल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू केले. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे. पुढे १९५२ साली या विषयाचा जागतिक महासंघ निघाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. आज विदर्भातल्या मुलामुलींना या शिक्षणासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते मिळते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चार-पाच वर्षे शिकून पदवी मिळते आणि त्या पदवीवर माणूस तीस-पस्तीस वर्षे काम करतो. या काळात शास्त्र काही थांबून राहत नाही. एक उदाहरण घ्या. लकव्याने एक हात निकामी झाला की रुग्ण साहजिकच दुसऱ्या, चांगल्या हाताने कामे उरकू लागतो. पुष्कळ काळ आपणही त्याला तेच शिकवीत होतो. पण एडवर्ड टॉब या संशोधकाच्या कामामुळे १९९० नंतर एक निराळी पद्धत पुढे आली. लुळ्या हातात थोडीबहुत हालचाल उरली असेल, तर दिवसाचे काही तास चांगल्या हाताला मोजा घालून अडवून ठेवावयाचे आणि कामे दुबळ्या हाताकडूनच करून घ्यावयाची. दुसरे उदाहरण आरशाचे. तुटलेल्या हाताच्या जागी ज्यांना वेदना होत, अशा रुग्णांसाठी डॉ. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात आरशाचा उपयोग केला. आरशात चांगला हात पाहिला की मेंदूला गेलेला हातच हलतो आहे असे वाटते. पुढे हीच युक्ती लकव्याच्या रुग्णांसाठीही वापरू लागले. आरसा काही महाग नसतो. तो यवतमाळच्या बाजारातही मिळतो. पण १९८५ साली पदवी घेतलेल्या तज्ज्ञाला या दोन्ही गोष्टी कॉलेजात कुणी शिकवलेल्या असणे शक्यच नाही. त्या त्याने मागाहून, आपल्या आपणच शिकावयाच्या.

बरे, शिकावे हे पटले. पण लिहून कशाला ठेवावयाचे? येथे मला आपल्या कापूसवाल्या व्यापाऱ्यांची आठवण होते. जुना व्यापारी तीन गोष्टी करी. रोजचा व्यवहार त्याच दिवशी कीर्दीत लिही. मग कीर्दीतली नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन खतावणी करी. आणि वर्षअखेर ताळेबंद काढून आपण कोठे उभे आहोत हे पाही. शिकण्याचेही असेच आहे.

कीर्द म्हणजे तारीख आणि प्रसंग. अमुक दिवशी व्याख्यान ऐकले, अमुक दिवशी व्यवसायोपचाराच्या नियतकालिकातला लेख वाचला, अमुक दिवशी सहकाऱ्याशी एका अवघड रुग्णाबद्दल तासभर चर्चा केली. ही नोंद सोपी आहे. पुष्कळांची वही येथेच थांबते.

खतावणी म्हणजे, हे शिकणे कोणत्या खात्यावर मांडू? लहान मुलांच्या, लकव्याच्या, हाताच्या दुखापतीच्या की कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांच्या? खाती पाडली की लगेच दिसते, एका खात्यावर दहा नोंदी आहेत आणि दुसरे कोरे आहे. आणि कोरे खाते ज्या रुग्णांचे, तेच दारात अधिक येत असतील तर? हे दुखणे वहीवाचून ध्यानात येत नाही.

ताळेबंद म्हणजे शेवटचा आणि कठीण प्रश्न : मी हे शिकलो, त्याने रुग्णाचे काय झाले? समजा, आरशाचा उपयोग शिकलो. तो किती रुग्णांवर केला? कुणाला गुण आला, कुणाला आला नाही, आणि का आला नाही? वहीत 'उपयोग झाला नाही' असे लिहिलेली ओळही तितकीच मोलाची, कारण तीच पुढच्या शिकण्याची दिशा दाखवते.

ब्रिटनमध्ये या वहीला कायद्याचे पाठबळ आहे. तेथल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांना दर दोन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी शंभरातल्या अडीच जणांची निवड करून त्यांच्या शिक्षणाचा वृत्तांत तपासला जातो. या तपासणीत तासांची बेरीज मागत नाहीत. नोंद सतत आणि खरी ठेवली काय, शिकण्याचे प्रकार निरनिराळे आहेत काय, त्याने काम सुधारावे आणि रुग्णाचा लाभ व्हावा असा प्रयत्न केला काय, हे पाहतात. आपल्याकडे व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेसाठी महाराष्ट्राचा कायदा २००२ सालचा आहे. केंद्र सरकारनेही २०२१ साली संबंधित आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तेव्हा नियम आहेत, आणखीही येतील. मला भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची.

मी शिक्षक आहे. शिक्षकाची टाचणवही तुम्हांला ठाऊक असेल. ती लिहावयाची पाठाच्या तयारीसाठी. पण कित्येक ठिकाणी ती लिहिली जाते तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी. अक्षर सुरेख, समास नीट, आणि वर्गातल्या मुलांचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. व्यवसायोपचाराची ही वही तशी झाली, तर ती नसलेलीच बरी. प्रमाणपत्रांची चळत म्हणजे शिक्षण नव्हे. सभागृहात मागच्या रांगेत बसून, चहा घेऊन, प्रमाणपत्र घेऊन परत येता येते. ते कागद कीर्दीतच पडून राहतात, खतावणीपर्यंत पोचत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात तर या वहीची गरज अधिकच. मोठ्या शहरात चार तज्ज्ञ एका खोलीत बसतात; एकाचे चुकले तर दुसरा टोकतो. तालुक्याच्या गावी काम करणारा बहुधा एकटाच असतो. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, आणि उमरखेडहून तर ते पुष्कळच लांब. रोज कुणाला विचारणार? अशा माणसाला त्याची वहीच टोकणारा सहकारी होय. शिवाय येथले काही शिक्षण कोणत्याही परिषदेत मिळत नाही. कापसाच्या वेचणीत अंगठा आणि बोटे कशी चालतात, दिवसभर ओटीत कापूस साठवताना कंबर कोठे भरून येते, डवरा धरताना मनगटावर किती जोर पडतो, हे बांधावर उभे राहूनच समजते. रुग्ण कोलाम असेल, गोंड असेल, बंजारा तांड्यावरचा असेल. 'दुखतं का?', 'हळू धरा', 'पुन्हा करा' एवढे चार शब्द त्याच्या बोलीत आले, तर उपचार सोपा होतो. तांड्यावरच्या आजीकडून शिकलेले ते चार शब्दही वहीत तारीख घालून लिहावेत. तेही शिक्षणच आहे.

एक पथ्य मात्र पाळावयाचे. या वहीत रुग्णाचे नाव किंवा गाव लिहू नये. वही आपल्या शिकण्याची आहे, त्याच्या दुखण्याची नव्हे. ती उद्या तपासणाऱ्याच्या हाती गेली, तरी गावात कुणाची गोष्ट फुटता कामा नये.

हे सारे करावयाला वेळ किती लागतो? शनिवारी काम संपल्यावर दहा मिनिटे. तीन ओळी पुरेत : काय शिकलो, कोणासाठी शिकलो, पुढे काय झाले. संगणकावर लिहा, मोबाइलवर लिहा, नाही तर शंभर पानी वहीत लिहा. लिहिण्याची जागा महत्त्वाची नाही. शनिवार चुकता कामा नये. वर्षाच्या शेवटी एकदम आठवून लिहिलेली वही खोटी असते, कारण आठवण फक्त यशाच्या गोष्टी ध्यानात ठेवते.

आणि तुम्ही, जे रुग्ण आहात किंवा रुग्णाचे आप्त आहात, तुमच्याकडेही थोडे काम आहे. घरी काय जमले, काय जमले नाही, हे पुढच्या खेपेला तज्ज्ञाला खरे खरे सांगा. संकोचापायी 'बरं आहे साहेब' एवढेच म्हणून उठू नका. दादांना अजून सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, हे तुम्ही सांगितले नाही, तर ती ओळ त्याच्या वहीत येणार कोठून? आणि ती आली नाही, तर पुढचा उपचार तो कशावरून ठरवणार?