सरपण निवडताना

थंडी पडली की गावोगावी चुली आणि बंब लवकर पेटतात. सरपण निवडताना आधी ओल पाहा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते आटवण्यातच उष्णता वाया जाते आणि घरभर धूर होतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा दिसतात. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज येतो. बाभूळ जड, तिचा निखारा बराच वेळ टिकतो. पांगारा, सावर हलकी लाकडं, भुरकन जळून जातात. कण्हेर विषारी, ती चुलीत घालूच नका; रंग दिलेल्या फळ्याही नकोत. आणि बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.