निरोप कोणास द्यावा?

ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची चिमुकली गाडी 2020 साली बंद झाली. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ आल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, हा रेल्वेचा जुना दंडक. तो निरोप नेमक्या त्याच स्टेशनमास्तरास मिळे, ज्यास त्यावर कृती करावयाची असे.

त्याच ग्वाल्हेरात 1997 साली स्थापन झालेल्या माहिती तंत्रज्ञान संस्थेतील तरुणांपुढे हा प्रश्न आता निराळ्या रूपाने येतो. संगणकप्रणालीची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढविली की तिची वार्ता सहकाऱ्यांच्या चॅटमध्ये आपोआप उमटावी, अशी योजना करता येते. चॅटकडून ‘वेबहुक’ नावाचा एक पत्ता मिळतो. आवृत्ती चढविणारी यंत्रणा त्या पत्त्यावर मजकूर धाडते. हे काम घटकाभराचे. कठीण आहे ते काय धाडावे आणि कोणास, हे ठरविणे.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीची कथा या संदर्भात बोलकी आहे. 2012 साली तिच्या 8 सर्व्हरांपैकी एकावर नवी आवृत्ती चढवावयाची राहून गेली. 1 ऑगस्ट रोजी बाजार उघडण्यापूर्वीच यंत्राने त्रुटीचा उल्लेख असलेली 97 ई-पत्रे कर्मचाऱ्यांच्या एका गटास धाडली होती. परंतु ती इशारा म्हणून योजलेलीच नव्हती आणि सहसा कोणी ती वाचतही नसे. बाजार उघडला, त्या एका सर्व्हरवरील जुनी, टाकून दिलेली आज्ञावली जागी झाली आणि सुमारे 45 मिनिटांच्या व्यवहारांनी कंपनीस 46 कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. निरोप्याने आपले काम चोख केले होते!

म्हणून यशाची वार्ता एका स्वतंत्र, शांत कक्षात जावी. अपयशाची मात्र त्या दिवशीच्या जबाबदार व्यक्तीस नावानिशी हाक मारणारी असावी. मजकुरात कोणती आवृत्ती, कोणी चढविली, किती सर्व्हरांपैकी कितींवर, आणि तपशिलाची नोंद कोठे पाहावी, एवढे पुरे. ‘8 पैकी 7’ हे तीन शब्द ‘काम पूर्ण’ या दोन शब्दांहून कितीतरी मोलाचे. प्रत्येक पायरीला घंटा वाजविणारी यंत्रणा आठवड्याभरात कोणी ऐकेनासे होते.

वेबहुकचा पत्ता मात्र किल्लीसारखा जपावा. तो ज्याच्या हाती पडेल, त्यास त्या कक्षात खोटी वार्ताही पेरता येते.