घराचा मान आणि माणसाचें मोल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली हा शब्द मूळचा इब्री लोकांचा. मेंढ्याचें शिंग फुंकून ज्या वर्षाची घोषणा करावयाची, तें ज्युबिलीचें वर्ष. लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायांत त्याचे नियम दिले आहेत. दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या घरीं राबणाऱ्या बांधवानें आपल्या कुळांत परत यावें, असें तेथें सांगितलें आहे. आज आपण रोषणाई केली आहे, बँड आणला आहे आणि दुपारीं जेवणही आहे. ह्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या शब्दाच्या नांवानें हा समारंभ होत आहे, त्याचा मूळ संबंध जमिनीशीं आणि माणसाच्या मोलाशीं आहे, म्हणून आम्हीं आज बोलण्यास हाच विषय निवडला.

वस्तूंचा लोभ हा पाश्चात्यांचा रोग आहे, असें आपल्याकडे व्यासपीठावरून नेहमीं ऐकूं येतें. तिकडचा मनुष्य ‘मी’ म्हणतो, म्हणून तो वस्तूंच्या पाठीमागें धांवतो. आपण कुटुंब मानणारे, गांव मानणारे, म्हणून आपण त्यांतून सुटलों, असा त्या म्हणण्याचा आशय. आम्हांस हें मत अर्धेंच खरें वाटतें. ‘मी’ म्हणणाऱ्या समाजांत लोभ एका दारानें आंत येतो, ‘आम्ही’ म्हणणाऱ्या समाजांत तो दुसऱ्या दारानें येतो. आपण पहिल्या दाराशीं पहारा बसविला आहे आणि दुसरें सताड उघडें टाकलें आहे.

बरें, आपण स्वतःला समजतों तितके समूहनिष्ठ तरी आहोंत काय? डच पंडित गीर्ट हॉफस्टेड ह्यांनीं 1980 सालीं चाळीस देशांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यक्तिनिष्ठेच्या मापांत अमेरिकेस सर्वांत अधिक, म्हणजे 91 गुण मिळाले. हिंदुस्थानास 48 मिळाले. अर्ध्या वाटेवर! हें जातां जातां सांगून ठेवतों.

लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायांतील धनवान शेतकरी पहिल्या दाराचा. पीक उदंड आलें. आतां करावें काय, हें तो बायकोला विचारीत नाहीं कीं शेजाऱ्याला विचारीत नाहीं. माझें पीक, माझीं कोठारें, माझी मालमत्ता, माझा जीव, असा त्याचा स्वतःशींच संवाद चालतो. त्या दृष्टांतांत त्याच्यावांचून दुसरा मनुष्यच नाहीं. रात्रीं देव बोलतो तेव्हां तो प्रथमच दुसऱ्याचा आवाज ऐकतो.

अमेरिकेंत मार्शा रिचिन्स व स्कॉट डॉसन ह्या अभ्यासकांनीं 1992 सालीं हाच लोभ मोजण्यासाठीं 18 विधानांची एक मोजपट्टी तयार केली. वस्तु मिळविणें हें आयुष्याचें केंद्र आहे काय, सुख वस्तूंतून येतें काय, आणि मनुष्याचें यश त्याच्या वस्तूंवरून ठरवावें काय, अशा तीन अंगांनीं ती मोजते. पुढें ती जपान, कोरिया, थायलंड, सिंगापूर येथें नेली, तेव्हां नीट लागू पडेना. उलट अर्थाच्या विधानांना तेथील लोक अमेरिकनांप्रमाणें उत्तरें देईनात, असें 2003 सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. एका दाराच्या मापानें दुसरें दार मोजावयास गेलें कीं असें व्हावयाचेंच.

त्या दुसऱ्या दाराविषयीं नॅन्सी वाँग व ॲरन अहुविया ह्यांनीं 1998 सालीं एक निबंध लिहिला. कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील समाजांत महागडी वस्तु घेणारा मनुष्य पुष्कळदां ती आपल्या आवडीखातर घेत नाहीं. घराण्याचें तोंड चारचौघांत वर राहावें म्हणून घेतो, असें त्यांचें म्हणणें. त्याच्या मनांत लोभ असेलच असें नाहीं. हें वाचतांना आम्हांस चीन आठवला नाहीं, आपली वसई आठवली.

आणि आठवला हनन्या. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा आपलें शेत विकतो आणि आलेला पैसा प्रेषितांच्या पायांशीं आणून ठेवतो. मंडळींत त्याचें नांव झालें असेल, हें उघड आहे. लगेच पुढच्या अध्यायांत हनन्या व त्याची बायको सप्पीरा आपली जमीन विकतात, पैशांतील कांहीं भाग मागें ठेवतात आणि सगळा आणला असें भासवितात. संत पेत्र त्याला बजावतो कीं जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हातीं होता. म्हणजे कांहीं राखून ठेवणें हा गुन्हा नव्हता. हनन्याला पैसाही हवा होता आणि बर्णबाचा मानही हवा होता. धनवान शेतकरी एकटा होता. हनन्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या मधोमध उभा आहे, जेथें सर्व कांहीं समाईक होतें तेथें! समूह असला म्हणजे लोभ नसतो, असें म्हणणाऱ्यांनीं हा अध्याय पुन्हां वाचावा.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळीं लग्न म्हटलें कीं आळीचीं माणसें मंडप घालीत, बाया भाजी चिरीत, भांडीं घरोघरून जमा होत. खर्च होताच, पण त्यांत शेजाऱ्याच्या हाताचा वांटा असे. आज हॉल आहे, केटरर आहे, आकाशांतून छायाचित्रें घेणारें यंत्र आहे. शेजारी मात्र पाहुणा होऊन खुर्चीवर बसला आहे. राबणारा होता तो पाहणारा झाला. मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मेजवान्याही आतां लग्नांच्या मापाच्या होऊं लागल्या आहेत. आणि यजमानास विचारा, तो म्हणेल, ‘मला ह्यांतलें कांहीं नको होतें हो, पण लोक काय म्हणतील?’ तो खोटें बोलत नाहीं. आजोबांनीं रहाटाचें पाणी पाजून जगविलेली केळीची वाडी जेव्हां अशा खर्चापायीं विकली जाते, तेव्हां विकणाऱ्याच्या पोटांत कालवतें. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि येथील भूमीसाठीं ती झुंजली. पण हॉलच्या बिलाशीं कोणती समिती झुंजणार?

उपाय काय? अमेरिकेंतीलच एक प्रयोग सांगतों. लॅन चॅप्लिन व डेबोरा जॉन ह्या विदुषींनीं 2007 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, उन्हाळी शिबिरांतील मुलांच्या हातीं कागदी बशा दिल्या होत्या. त्यांवर सोबत्यांनीं त्या त्या मुलाविषयीं चांगले शब्द लिहिले होते. नंतर ‘मला सुख कशानें होतें’ ह्याचें चित्र मुलांस जुळवावयास सांगितलें, तेव्हां बशी मिळालेल्या मोठ्या मुलांनीं वस्तु कमी निवडल्या. लक्षांत घ्या, ‘मी’ म्हणणाऱ्या देशांतही औषध सोबत्यांच्या शब्दांतूनच आलें. आपल्याकडेही 1918 सालीं मोन्सिन्योर मोनीस ह्यांनीं सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. अशा संस्थेंत शेतकऱ्याच्या मागें शेजारी जामीन राहतो. अंगावर सोनें किती, हें पाहून कोणी जामीन राहत नसतो. मनुष्य शब्दाचा पक्का आहे कीं नाहीं, हें पाहून राहतो.

पण एकट्या घरानें हें जमणार नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. गरिबानें साधें लग्न केलें तर लोक म्हणतात, ऐपत नव्हती. मध्यम स्थितीच्या मनुष्यानें केलें तर म्हणतात, कंजूष आहे. ज्याच्या ऐपतीविषयीं कोणास शंकाच नाहीं, अशा घरानें देवळाच्या पटांगणांत मंडप घालून, आळीच्या हातचें जेवण वाढून लग्न केलें, तरच बाकीच्यांचें माप बदलतें. अशीं दोन-तीन घरें ह्या सभेंत बसलेलीं आहेत. त्यांचीं नांवें घेण्याचें कारण नाहीं. आपण सर्व त्यांना ओळखतों. त्यांच्याकडे पुढचें लग्न कधीं आहे, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.