न्याय करणाऱ्याचे मन



राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थास भगवान बुद्धांनी केलेला उपदेश सिगालोवाद सुत्त या नावाने आपणांस परिचित आहे. मनुष्य चार कारणांनी आडमार्गास जातो, असे त्यात सांगितले आहे. छंद म्हणजे पक्षपात, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान, आणि चौथे भय. न्याय करावयास बसलेला मनुष्यही याच चार वाटांनी चुकतो. हे मी आज ज्युरीच्या उदाहरणांनी दाखविणार आहे.

ज्युरी म्हणजे कायद्याचे शिक्षण न घेतलेल्या सामान्य नागरिकांचे मंडळ. ते पुरावा ऐकते आणि आरोपी दोषी की निर्दोष एवढेच सांगते. कारणे देण्याचे बंधन सामान्यतः त्याच्यावर नसते.

प्रथम छंद पाहा. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला चालला. आरोपी नावाजलेला अधिकारी होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्याची बाजू उचलून धरली होती आणि शहराची सहानुभूती त्याच्याकडे वळली होती. नऊ ज्युररांपैकी आठांनी त्यास निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना तो निकाल मान्य झाला नाही, म्हणून प्रकरण हायकोर्टाकडे गेले. हायकोर्टाने १९६० साली जन्मठेप दिली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुरावा तोच होता, परंतु तो तोलणारी मने निराळी होती. ते आठ जण अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही. ज्याच्याविषयी आपुलकी वाटते त्याचा अपराध आपल्या डोळ्यांना लहान दिसतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

दोसाचे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. ज्युरीत बारा पुरुष होते आणि ते सर्व गोरे होते. तासाभराच्या सुमारास त्यांनी दोन्ही गोऱ्या आरोपींना निर्दोष सोडले. पुढल्याच वर्षी त्या आरोपींनी एका नियतकालिकास पैसे घेऊन मुलाखत दिली आणि खुनाची कबुली दिली. परंतु एकदा सुटलेल्यांवर पुन्हा तोच खटला चालविता येईना. या ज्युरीत एकही कृष्णवर्णीय का नव्हता? ज्युरर मतदारयादीतून घेतले जात, आणि त्या यादीत कृष्णवर्णीयांचे नावच येऊ दिले जात नसे. मताचा हक्क हिरावला की न्यायासनावरील जागाही हिरावली जाते, हे आपण विसरू नये.

तिसरा मोह. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर या संशोधकांनी काही लोकांना मोटारींच्या अपघाताचे चित्रपट दाखविले. मोटारी ‘आदळल्या’ तेव्हा त्यांचा वेग किती होता, असे विचारले असता लोकांनी अधिक वेग सांगितला. ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरला असता कमी सांगितला. प्रश्नातील एका शब्दाने आठवण बदलते. तरीही साक्षीदार ठासून बोलला की ऐकणाऱ्यास ते सत्य वाटते. ठामपणा हा सत्याचा पुरावा नव्हे.

चौथे भय. सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. खोलीतील इतर सर्वांनी, आधी ठरवून, रेषांच्या लांबीविषयी उघड चुकीचे उत्तर दिले. तेव्हा पुष्कळ माणसांनी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून इतरांची री ओढली. परंतु खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण एकदम घटले. एका माणसाच्या धैर्याची किंमत एवढी मोठी आहे.

यावर उपाय काय? २००६ साली सॅम्युअल सोमर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सहा-सहा जणांच्या नकली ज्युरी बसविल्या होत्या. काहींत सर्व गोरे होते, तर काहींत चार गोरे व दोन कृष्णवर्णीय होते. मिश्र ज्युरींनी अधिक वेळ चर्चा केली. विशेष म्हणजे, त्यांत बसलेल्या गोऱ्यांनीही अधिक बारकाईने पुरावा पाहिला आणि कमी चुका केल्या. न्यायासनावर सर्व समाजांची माणसे बसावीत ही मागणी भिक्षा नव्हे. तिने न्यायच सुधारतो.

आपण म्हणाल, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आपल्याकडे अशा खटल्यांत ज्युरी उरली नाही, मग हे आम्हांस कशाला? एक तर, न्यायाधीशही मनुष्यच आहे. फरक इतकाच की त्यास निकालाची कारणे लिहावी लागतात, आणि त्या कारणांवर अपील करता येते. दुसरे असे की, आपण स्वतः रोज ज्युरी होऊन बसतो. वस्तीत तंटा होतो, नवराबायकोचे भांडण येते, कोणी जातीबाहेर विवाह करतो, आणि विहारात चार वडील मंडळी निवाडा करावयास बसतात. जातपंचायत आपण धम्मदीक्षेबरोबर टाकली. परंतु तिचे मन आपल्यात शिल्लक आहे काय, याचा शोध प्रत्येकाने घ्यावा.

म्हणून माझी विनंती अशी. दोन्ही बाजू ऐकल्यावाचून मत बोलू नका. बैठकीत स्त्रियांना बसवा, त्यांना केवळ बोलावून दाराशी उभे करू नका. लहानांनी आधी बोलावे व वडिलांनी शेवटी, म्हणजे भयाने कोणाचे तोंड बंद होणार नाही. निर्णयाची कारणे कागदावर लिहा. जेथे गुन्हा घडला असेल तेथे पोलिसांत फिर्याद द्या, घरगुती तडजोडीने तो झाकू नका. आणि कोणासही वाळीत टाकू नका. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, मग तो कोणीही घालो.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या न ऐकताच दोषी ठरविले गेले, त्यांनी तरी दुसऱ्यास न ऐकता दोषी ठरवू नये.

जय भीम!