सकाळची ओकारी आणि दातांची निगा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिच्या अनुकरणाने गावोगाव अशा माला निघाल्या. त्यांतून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांची चर्चा होत आली आहे. त्या परंपरेत दात घासताना येणारी ओकारी हा विषय काहींना ओशाळवाणा वाटेल. पण पहाटे पाचच्या सुमारास चिंचवड-आकुर्डीच्या एखाद्या जुन्या चाळीतून चालत जा. मोरीमोरीतून खाकरण्याचे आणि उमाशांचे जे आवाज ऐकू येतात, ते ऐकल्यावर हा विषय सार्वजनिक नाही असे कोणी म्हणणार नाही.

प्रथम ही क्रिया काय आहे ते पाहू. जिभेचे मूळ, मऊ टाळू, पडजीभ आणि घशाची मागची भिंत या जागा शरीराने पहारेकऱ्यासारख्या ठेवल्या आहेत. तेथे परकी वस्तू लागली की मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी नववी जोडी वर्दी देते, आणि मेंदूच्या देठातून मुख्यत्वे दहाव्या जोडीमार्फत हुकूम सुटतो. घसा आवळतो, वस्तू बाहेर ढकलली जाते. श्वासनलिकेत काही अडकू नये म्हणून ही योजना आहे. तेव्हा उमासा येणे हा रोग नव्हे. कोणाचा पहारेकरी सुस्त असतो, कोणाचा फार जागरूक, इतकेच.

आता आपल्या घरोघरी असलेल्या एका समजुतीकडे वळतो, कारण खरे नुकसान तिनेच होते. पुष्कळ मंडळी मुद्दाम दोन बोटे घशात घालतात. का? तर ‘पित्त पडले पाहिजे’. आंबट, कडू, पिवळे पाणी पडले की त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. हे आंबट पाणी म्हणजे जठरातील आम्ल, आणि कडू-पिवळे ते यकृतातला पित्तरस. यकृत हा रस दिवसाला अर्धा ते एक लिटर तयार करते, आणि स्निग्ध अन्न पचविण्यासाठी तो लागतो. रात्रभर साठलेली ती घाण नव्हे. त्यातला चमचाभर मोरीत टाकून हाती काय लागते?

याला आयुर्वेदाचा आधार आहे असे कोणी म्हणेल. मला तसे दिसत नाही. चरकसंहितेच्या दिनचर्येत दात घासणे आहे, जीभ खरवडणे आहे. रोज उठून ओकणे नाही. वमन हे पंचकर्मांपैकी एक कर्म. ते पूर्वतयारी करून, वैद्याच्या देखरेखीखाली, आणि तेही मुख्यत्वे कफासाठी. पित्तासाठी ग्रंथकारांनी सांगितले आहे ते विरेचन! वाग्भटाने तर अष्टांगहृदयात अजीर्ण आणि वांती झालेल्याला दंतकाष्ठ वापरण्याचीच मनाई केली आहे. त्यातला व्यवहार आजच्या दंतवैद्यालाही पटेल. आम्लाने दाताचे कवच तेवढ्यापुरते मऊ पडते, आणि त्यावर लगेच ब्रश फिरविला तर ते झिजते. नित्य ओकणाऱ्याचे वरचे पुढचे दात जिभेच्या बाजूने गुळगुळीत, पातळ झालेले आढळतात. ओकारी झालीच तर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. गर्भारपणात ज्यांना सकाळी वांत्या होतात त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

ज्यांना ओकारी नको असूनही येते, त्यांची अडचण निराळी आहे. आपल्या कारखानदारीच्या पट्ट्यात तिचे एक कारण पाळीत आहे. दुसऱ्या पाळीचा मनुष्य मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतो, तिखट जेवण करतो आणि लगेच आडवा होतो. आम्ल घशाशी चढते, सकाळी घसा आधीच हुळहुळलेला असतो. चाकणला एका खोलीत चार-पाच जण राहणारे तरुण आहेत. मोरी एक, कंपनीची बस दाराशी. मग ब्रशवर पेस्टची लांब वळी घेऊन दोन मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटात उरकायचे! पेस्टमध्ये फेसासाठी साबणासारखे द्रव्य असते. फेस घशाकडे उतरला की उमासा आलाच. मग मनुष्य मागच्या दाढांपर्यंत ब्रश नेणेच सोडतो, आणि कीड लागते ती नेमकी तिथे. मिश्री लावणाऱ्या बायकांची मळमळ पुष्कळदा तंबाखूचीच असते. ती मिश्रीने ‘मोकळी होते’ हा समज उलटा आहे.

उपाय साधे आहेत. ब्रश लहान डोक्याचा, हवा तर मुलांचा घ्यावा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. काही दिवस नुसत्या ओल्या ब्रशानेही चालेल. मान मागे न टाकता पुढे वाकावे, म्हणजे लाळ बाहेर पडते. श्वास नाकाने संथ घ्यावा. पहाटे जमतच नसेल तर मुख्य घासणे रात्री करावे, सकाळी हलक्या हाताने भागवावे. जीभ शेवटी, आणि अर्ध्याच्या फार मागे जाऊ नये.

पहारेकऱ्याला सवयही लावता येते. उमासा जेथे येऊ लागतो त्याच्या किंचित अलीकडे ब्रश टेकवून मनात दहा आकडे मोजावेत. दोन-चार दिवसांनी ब्रश थोडा मागे न्यावा. घाई केली की सारे पहिल्यावर येते; काही आठवडे द्यावे लागतात. दाताचे माप घेताना काही दंतवैद्य रोग्याला एक पाय उचलून धरावयास सांगतात. हसू येते खरे, पण लक्ष पायाकडे गेले की घसा विसरतो. मोरीत मात्र हा प्रयोग भिंतीला धरून करावा.

इतके करूनही महिनाभरात फरक नसेल, किंवा वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल, ओकारीत रक्त दिसत असेल, सकाळच्या वांतीबरोबर डोके दुखत असेल, तर ब्रश बदलत बसू नये. भूक मंदावून पायांवर सूज येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. त्या विकारातही मळमळ होते. आणि डॉक्टरांनी विचारले असता दारूचे नि तंबाखूचे प्रमाण खरे सांगावे, बायको शेजारी बसली असली तरी.